शेजारची वाटी

१

चंद्रप्रकाश नेरूरकरांना उत्साहाचा जुना विकार होता. मरोळच्या औषध कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होते तोवर तो दबून राहिला, कारण रिकाम्या पिंपांकडे कुणी उत्साहाने बघू लागला तर साहेबलोकांना संशय येतो. निवृत्तीनंतर मात्र विकाराने उचल खाल्ली. बोन्साय झालं, होमिओपॅथी झाली, मोडी लिपी झाली. बोन्साय मेलं. होमिओपॅथीने कुणी मेलं नाही, एवढंच तिचं यश. आणि मोडी शिकून झाल्यावर घरात मोडीतला एकही कागद नाही असं लक्षात आलं.

दुपारची भांडी पुसणं हा मात्र छंद नव्हता, नेम होता. बोरिवली पूर्वेच्या त्या सातव्या मजल्यावर जेवणं उरकली की शकू भांडी घाशी आणि चंद्रप्रकाश ओट्याशी उभे राहून ती पुसून मांडणीवर लावत. पत्नी सुगंधा गेल्यापासून हे चालू होतं. कारण साधं होतं. घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं होतं. ‘सौ. सुगंधास, माईकडून.’ ‘गृहप्रवेश, मिल कामगार मित्र.’ एका इवल्या वाटीवर ‘कु. अपूर्वा, बारसं.’ पुसता पुसता ते नावं वाचत. आयुष्यभराचं माणूसबळ असं पाच मिनिटांत हाताखालून जाई, आणि वर लखलखीतही होई.

शकू दहिसरहून यायची, चंद्रप्रकाशांच्या थोरल्या बहिणीला सांभाळायला. रत्नप्रभाताई वर्षभरापासून भावाकडे राहत होत्या. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा प्रीतम दुबईला, आणि आठवण रोज थोडी थोडी चाललेली. नावं गेली, रस्ते गेले, जेवलो की नाही हेही गेलं. तोंडची मालवणी तेवढी शाबूत होती.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी चंद्रप्रकाशांच्या हाती एक वाटी आली. काशाची, जड, बुडाशी जरा चेपलेली. त्यांनी ती उलटसुलट केली, काठावरून बोट फिरवलं, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिली.

नाव नव्हतं.

२

“शकू, ही कुणाची गं?”

“तुमचीच असणार ना काका. मी काय घरनं आणू काय वाट्या?”

“आपल्याकडे बिननावाचं भांडं नाही.”

“मग माझं नाव घाला,” शकू म्हणाली. “तेवढंच कायतरी माझ्या नावावर.”

वाटी शेजारची असणार हे उघड होतं. शेजारून काहीतरी आलं असेल, ताईंनी ते खाल्लं असेल आणि सांगायला विसरल्या असतील. विसरण्याचा तर त्यांना परवानाच मिळालेला. चंद्रप्रकाश वाटी घेऊन शेजारीपाजारी फिरले. समोरच्या शाहवहिनी म्हणाल्या, आमच्याकडे काशाचं असतं तर आम्ही सोडलं असतं का? वरच्या मजल्यावरची मानसी बँकेत होती आणि बाहेरून मागवून जेवत होती. “काका, माझ्या घरात एकच पातेलं आहे, त्यात मनीप्लांट लावलाय.”

परत आले तर ताई डायनिंग टेबलाशी बसून हसत होत्या.

“वाटी घेऊन खंय हिंडतंस, रे मेल्या? ती शेजारणीची.”

“कुठल्या शेजारणीची, ताई?”

ताईंनी फ्रिजच्या बाजूच्या भिंतीकडे बोट दाखवलं. “हयची. ह्या पलीकडच्या खोलीतली.”

ती भिंत इमारतीची बाहेरची भिंत होती. पलीकडे काय आहे हे सोसायटीतल्या कबुतरांना विचारावं. सात मजल्यांची हवा, खाली पार्किंग, त्याच्याखाली पाण्याची टाकी.

“पण रिकामी नको देव हां,” ताईंनी बजावलं. “लोकांचा भांडा रिकामा देवचा नसता. आईन काय शिकवल्यान?”

चंद्रप्रकाशांनी वाटी घाईने ओट्यावर ठेवली. भिंतीमुळे नव्हे. ‘पलीकडची खोली’ हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते.

३

आप्पा, म्हणजे त्यांचे वडील, गिरणी कामगार. शेवटची दोन वर्षं चाळीतल्या खाटेवर होते आणि स्वतःचं नावही त्यांना सांगता येत नव्हतं. खाट भिंतीला लागून होती. त्या भिंतीवर हात फिरवत ते म्हणायचे, पलीकडच्या खोलीत खोबरं खवतायत. पलीकडे सार्वजनिक जिना होता. मग काका. ते गावी, नेरूरला. त्यांचं बोट गोठ्याच्या भिंतीकडे. मग थोरला भाऊ, भांडुपला. त्याचं न्हाणीघराकडे. तिघांच्या तीन भिंती, तिघांची खोली एकच. तांबड्या कोब्याची जमीन. अगदी खाली, बसलेल्या माणसाच्या कानाशी येईल अशी खिडकी. आणि खोबरं खवणारी बाई.

त्या त्या वेळी कुणी लक्ष दिलं नव्हतं. म्हातारी माणसं, काहीही बोलतात. आता चौथं माणूस तेच बोलत होतं.

त्याच आठवड्यात अंधेरीच्या डॉक्टर अनुपमा कारखानीसांनी ताईंचा स्कॅन उजेडावर लावून दाखवला. काळ्या-पांढऱ्या अक्रोडासारखा मेंदू, आणि मधोमध फुलपाखरासारख्या काळ्या पोकळ्या.

“ह्या पोकळ्या सगळ्यांनाच असतात,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मेंदू आक्रसला की त्या मोठ्या होतात. कोकणातले ना तुम्ही? नारळ जुना झाला की आत खोबऱ्याचा गोटा सुटतो, हलवला की वाजतो. तसंच समजा. बाहेरून कवटी तेवढीच.”

“आणि सुरुवात कुठून?”

“आठवणी जिथे नोंदल्या जातात तिथून. इथे, कानाच्या आतल्या बाजूला. समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग असतो. जागा ओळखणं, वाट लक्षात ठेवणं, तेही त्याच्याच आसपास चालतं. पेशींच्या बाहेर एक चिकट प्रथिन साचतं, आत दुसऱ्या प्रथिनाचा गुंता होतो. मग पेशी मरतात.”

नंतर जनुकांचा विषय निघाला. एपीओई नावाचा जीन, त्याचे नंबरवारी प्रकार, आणि त्यातला चार नंबर वाईट. प्रत्येकाला दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. ताईंच्या दोन्ही प्रती चार नंबरी निघाल्या होत्या.

“म्हणजे माझ्याही?”

“असतीलच असं नाही. एक असेल, दोन असतील, एकही नसेल. आणि असली तरी ती शिक्षा नव्हे, नेरूरकर. धोका वाढतो, इतकंच. चार नंबर असून ठणठणीत असलेले म्हातारे मी पाहिलेत.”

“माझी तपासणी करा,” चंद्रप्रकाश म्हणाले. “स्कॅनसकट.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. या वयात या तपासणीला इतक्या उमेदीने तयार झालेला माणूस त्यांनी पाहिला नसावा.

४

उमेदीचं कारण रविवारी बाहेर पडलं. मुलगी अपूर्वा मुलुंडहून आली होती. तिला पाचवा महिना लागला होता, आणि जावई नितेशने तिला जिना चढायला, वाकायला आणि बहुधा विचार करायलाही बंदी केली होती.

“ऐक,” चंद्रप्रकाश खुर्चीच्या टोकावर आले. “चार माणसं. चार घरं. या खोलीविषयी एकमेकांत कधी बोलणं नाही. आणि खोली तीच! कोबा तोच, खिडकी तीच! याचा अर्थ काय?”

“काय?”

“ही आठवण कुणा एकाची नाहीच. ही जीनमधून आलेली आठवण आहे! आपल्या कुठल्या तरी पूर्वजाची खोली. एरवी ती आपल्या आठवणींच्या ढिगाखाली गाडलेली राहते. आजाराने वरचा ढीग हटला की तळाशी ती सापडते. जशी ओहोटीला पाण्याखालची खडपं उघडी पडावीत. अगं, जगात कुणाच्या लक्षात आलं नसेल हे!”

“पप्पा, जीनमध्ये फोटो नसतात.”

“अजून सापडले नसतील.”

“तुम्ही मॅट्रिकला सायन्समध्ये काठावर पास झाला होतात. आत्यानेच सांगितलंय.”

“आत्याचं हल्ली काय धरतेस?”

दोघंही हसली. मग अपूर्वा हसायची थांबली आणि पोटावर हात ठेवून बसली.

“तुमचा रिपोर्ट कधी येणार?”

“पंधरवड्यात.”

“मला रात्री झोप लागत नाही, पप्पा. तुमच्यात असेल तर माझ्यात असू शकतं. माझ्यात असेल तर…” तिने पोटाकडे पाहिलं. “मी स्वतःची तपासणी करणार नाही. हिंमत नाही. पण तुमच्यात नाही असं कळलं ना, तर मी निदान झोपेन तरी.”

“रिपोर्ट हातात आला की पहिला फोन तुला,” चंद्रप्रकाश म्हणाले. “डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत.”

“प्रॉमिस?”

“तुझ्या बारशाच्या वाटीची शपथ.”

५

संशोधन दुपारीच करावं लागे. सकाळी ताई झोपाळलेल्या असत आणि संध्याकाळी चिडलेल्या. जेवणानंतर, शकू खाली भाजीला गेली की चंद्रप्रकाश ताईंसमोर खुर्ची ओढून बसत.

“ताई, आता तू त्या खोलीत आहेस समज. काय दिसतं?”

“समज कशाक? मी सकाळीच जावन इलंय.”

“बरं. जमीन कशी आहे?”

“तांबडी. गार. पाय कसे थंड होतत.”

चंद्रप्रकाशांना टाळी वाजवावीशी वाटे. त्यांनी कोब्याचं नाव काढलं नव्हतं. सुचवायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. शकू म्हणायची, “काका, आत्याला कशाला पुन्हा पुन्हा तिकडे धाडता? इकडे बसवा ना त्यांना.” ते हसून सोडून देत. पण एक गोष्ट त्यांनाही दिसत होती. त्यांनी विचारायला घेतल्यापासून ताईंचं वर्णन वाढत होतं. आधी जमीन आणि खिडकी होती. मग कोनाडा आला. मग भिंतीशी ओळीने ठेवलेल्या करवंट्या, आतून अगदी पांढऱ्या, बोट लावलं तर बोटाला काही लागू नये अशा साफ खवलेल्या.

“आणि बाई?”

“ती खवता. पाठ करून बसलीहा.”

“तोंड पाहिलंस?”

“शेजारणीचा तोंड कशाक बघूक होया? वाटी देता, वाटी घेता.” ताईंनी जिभेने ओठ चाटले. “शिरवाळे काय करता, रे चंदू! आईच्या हातचे असत तसे. नारळाचा रस, गूळ, वेलची.”

“आणि तू वाटी परत करताना काय घालतेस?”

ताईंनी टेबलावरच्या फडक्याची घडी उगाच सरळ केली.

“घरातलाच घालतंय. दुसऱ्याचा कसा देवचा?”

“पण काय?”

“मनात येता ता.”

त्याच संध्याकाळी दुबईहून प्रीतमचा व्हिडिओ कॉल आला. ताईंनी मोबाइलकडे पाहिलं, छान हसल्या, आणि शकूला हळूच विचारलं, “हो गोरोगोमटो झील कोणाचो गो?”

आधीच्या आठवड्यात त्यांनी त्याला ओळखलं होतं. जेवलास का म्हणून विचारलं होतं.

हे होणारच होतं, चंद्रप्रकाशांनी स्वतःला समजावलं. आजाराची वाट ठरलेली असते, आधी नवं जातं, मग जुनं, मग पोटची पोरं. सगळं छापील आहे. छापील असल्यामुळे त्यांना बरं वाटलं. झोपताना मात्र त्यांच्या मनात आलं की ताई दुःखी दिसली नव्हती. काहीतरी देऊन टाकल्यावर माणूस हलका होतो, तशी दिसत होती.

६

मग त्यांनी ती चूक केली. ही चूक करायला कोकणातल्या आईच्या हाताखालीच वाढावं लागतं. दुसऱ्या कुणी ती वाटी भंगारात टाकली असती.

वाटी ओट्यावर पडून होती. रिकामी. दुसऱ्याचं भांडं रिकामं घरात ठेवणं आणि रिकामं परत करणं, या दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगात बसत नव्हत्या. एका दुपारी, भांडी पुसून झाल्यावर, शास्त्राचा आणि आपला अपमान होऊ नये म्हणून जरा हसतच, त्यांनी वाटीत चमचाभर साखर घातली आणि ती फ्रिजशेजारी, ओट्यावरच, भिंतीला टेकवून ठेवली. शास्त्रीय प्रयोग, दुसरं काय! ताई ती हलवते का, एवढंच बघायचं.

दुसऱ्या दुपारी साखर ओट्यावर होती. ढीग नीट, टोकदार, जणू कुणी वाटी उपडी घालून अलगद उचलली असावी. मुंग्या त्याला वळसा घालून जात होत्या. आणि वाटीत शिरवाळे होते, गोड नारळरसातल्या तांदळाच्या शेवया. गरम.

“शकू!”

“काय हो?”

“हे तू केलंस?”

“मला येतं का तुमचं ते कोकणी? मला पुरणपोळी विचारा.” तिने वाटीत डोकावून पाहिलं. “आत्यांनी केलं असेल.”

“ताईला गॅस लावता येत नाही. तूच तर बंद करून ठेवतेस.”

“मग शाहवहिनींनी दिलं असेल. खा नि गप बसा. वास बाकी झकास आहे.”

चंद्रप्रकाशांनी चमचा घेतला. नमुना तपासल्याशिवाय अहवाल लिहिता येत नाही, हे कारखान्यात शिकलेलं वाक्य त्यांनी मनाशी म्हटलं. नारळाचा रस, गूळ, वेलची. आईच्या हातचं. त्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते तसेच उभे राहिले, कारण शकू बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, ताई घोरत होत्या, खालचा वॉचमन डुलक्या घेत होता, सगळी सोसायटी दुपारच्या सुस्तीत होती, आणि फ्रिजच्या बाजूने आवाज येत होता.

खस्स. खस्स. खस्स.

फ्रिज असेल. त्यांनी फ्रिज बंद केला. आवाज होता. कबुतरं असतील. त्यांनी बाल्कनीतून वाकून पाहिलं. बाहेरची भिंत उन्हात कोरी होती. त्यांनी कान भिंतीला लावला. आवाज थांबला, खवणाऱ्या बाईने कुणाची तरी चाहूल लागून हात रोखावा तसा.

त्या रात्री त्यांनी सगळं पुस्तकातल्यासारखं मांडलं. ऐकू येतंय, चव लागतेय. म्हणजे आपलंही सुरू झालं. दोन्ही प्रती चार नंबरी असणार. भीती वाटली, पण त्या भीतीला एक टेकू होता. खोली डोक्यात आहे. आपल्या घराण्याच्या डोक्यात, कवटीच्या आत. बाहेर नाही.

७

रिपोर्ट गुरुवारी आला. ते एकटेच अंधेरीला गेले.

“तीन-तीन!” डॉक्टर कारखानीस हसत म्हणाल्या. “चार नंबरची एकही प्रत नाही. आईबापांकडे चारसोबत साधी प्रतही असणार. तुमच्या वाटणीला दोन्हीकडून साधी आली. बहिणीला जे मिळालं, त्यातलं तुम्हाला काही नाही.”

“आणि स्कॅन?”

“वयाच्या मानाने सुंदर. हा बघा तुमचा समुद्रघोडा, गुटगुटीत. पोकळ्या जागच्या जागी. आठवणीच्या चाचणीत तर तुम्ही माझ्या असिस्टंटच्या पुढे आहात. हा काही अमरपट्टा नव्हे हं. पण आज, या घडीला, तुमच्या मेंदूत मला काहीही दिसत नाही.”

“काहीही?”

“काहीही! अहो, हसा की!”

चंद्रप्रकाश हसले. खुर्चीतून उठून त्यांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला. सुटलो! अपूर्वा सुटली, निदान आपल्या बाजूने तरी सुटली. त्यांनी तिथेच मोबाइल काढला. बॅटरी संपली होती. सकाळच्या धांदलीत चार्ज करायला विसरले होते. विसरले, या शब्दाचंही आता त्यांना हसू आलं. सत्तरीकडे आलेल्या माणसाने चार्जर विसरावा, पेढे विसरू नयेत. त्यांनी स्टेशनबाहेर पेढे घेतले. बोरिवलीला उतरून रिक्षा केली, रिक्षावाल्याला पेढा दिला, वॉचमनला दिला, लिफ्टमध्ये भेटलेल्या शाहवहिनींना दिला.

चौथ्या मजल्याच्या आसपास त्यांच्या मनात एक वाक्य आलं आणि त्यांनी ते झटकून टाकलं.

डोक्यात काही नाही, तर मग आवाज कुठे होता?

८

घरात शांतता होती. शकूने टेबलावर पाण्याच्या भांड्याखाली चिठ्ठीऐवजी आपली भाजीची रिकामी पिशवी ठेवली होती, म्हणजे दुसरी पिशवी घेऊन ती खाली गेली होती. ही तिची नेहमीची खूण. ताई टेबलाशी बसल्या होत्या.

“ताई, मी सुटलो! तीन-तीन!” त्यांनी मोबाइल ओट्यावरच्या चार्जरला लावला. “चालू झाला की पहिला फोन…”

खस्स. खस्स.

फ्रिजशेजारची भिंत तिथे होती. तिच्यात एक दार होतं, आणि ते नेहमीच तिथे असावं इतकं साधं होतं. तेलकट हातांनी काठाशी काळवंडलेलं, अर्धवट लोटलेलं. चंद्रप्रकाशांनी डोळे मिटले. तीन-तीन, ते मनात म्हणाले. समुद्रघोडा गुटगुटीत. डोळे उघडले. फटीतून गार हवा आली आणि तिला ओल्या खोबऱ्याचा वास होता.

तांबडा कोबा. खालची खिडकी, तिच्यातून येणारा उजेड दुपारचा नव्हता. भिंतीशी करवंट्यांची ओळ. एक बाई पाठ करून खवणीवर बसलेली. दोन्ही हातांत धरून ती जे खवत होती ते नारळापेक्षा मोठं होतं. नारळ खवताना कुणी त्याच्यावर असा मायेने मधूनमधून हात फिरवत नाही.

आप्पांची खाट जिन्याच्या भिंतीला होती. काका गोठ्याजवळ. बाईने खवणं थांबवलं. मान वळवली नाही. फक्त उजवा हात मागे केला, पंजा वर, शेजारीण आपलं भांडं मागते तसा.

वाटी चंद्रप्रकाशांच्या हातात होती. ती कधी घेतली हे त्यांना कळलं नाही. रिकामी होती, त्यांनीच चाटूनपुसून खाल्ली होती.

“दी ना,” मागून ताई म्हणाल्या. “किती वेळ तिका ताटकळत ठेवशीत?”

त्यांनी पेढा वाटीत ठेवला. पंजा तसाच राहिला. त्यांनी पेढ्यांचा पुडाच ठेवला. पंजा मिटला नाही. पळावं हे त्यांना सुचायला हवं होतं. पण सत्तर वर्षांचं वळण पायांत होतं, दारात उभ्या असलेल्या शेजारणीला पाठ दाखवता येत नव्हती. काहीतरी द्यायला हवं. घरातलं. मनात येईल ते. आणि त्या घडीला त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, सकाळपासून तीच होती, आनंदाने काठोकाठ भरलेली. त्या पहिल्या फोनची.

पंजा मिटला.

९

मोबाइल वाजत होता. चंद्रप्रकाश फ्रिजला टेकून उभे होते. भिंत होती. मन कसं हलकं झालं होतं. त्यांनी मोबाइल उचलला. पडद्यावर एका हसऱ्या तरुणीचा फोटो होता, खाली नाव होतं.

“हॅलो, पप्पा? किती वेळ फोन बंद! रिपोर्टचं काय झालं?”

“आला ना! अगदी झकास!” त्यांचा आवाज आनंदाने फुटत होता. “तीन-तीन! चार नंबरची एकही प्रत नाही! स्कॅन स्वच्छ! डॉक्टर म्हणाल्या, मेंदूत काही म्हणता काही नाही!”

पलीकडे कुणीतरी हसत होतं आणि रडतही होतं. “पप्पा… मी आज झोपेन. नितेश, अरे ऐक, नाहीये! काहीच नाहीये!”

“वा वा, झोपा, जरूर झोपा,” चंद्रप्रकाश म्हणाले. इतक्या परक्या माणसाने आपल्यासाठी इतका आनंद मानावा याचं त्यांना कौतुक वाटलं. “फार बरं वाटलं तुम्ही चौकशी केलीत. पण माफ करा हं, ओळखलं नाही. आपण कोण बोलताय?”

पलीकडचं हसू थांबलं. “पप्पा, मस्करी नका करू.”  मग तिने काही विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी अदबीने “राँग नंबर असेल” म्हणून फोन ठेवला. तो पुन्हा वाजू लागला. वाजू दे. आज सगळ्यांनाच अभिनंदन करायचं असणार.

शकू भाजी घेऊन आली तेव्हा ते ओट्याशी उभे राहून भांडी पुसत होते, आणि शीळ घालत होते. काशाची वाटी कुठे दिसत नव्हती. ताई टेबलाशी डोळे मिटून काहीतरी चघळत होत्या.

“काका, फोन वाजतोय ना तुमचा! काय झालं रिपोर्टचं?”

“सुटलो, शकू! तीन-तीन!” त्यांनी तिला सगळं सांगितलं. जीन, प्रती, पोकळ्या, समुद्रघोडा. एक शब्द चुकला नाही. सांगता सांगता त्यांच्या हाती एक इवली वाटी आली. त्यांनी ती पुसली, चष्मा कपाळावर सरकवून काठावरची अक्षरं वाचली, पुन्हा वाचली, आणि मांडणीवर न लावता वेगळी काढून शकूपुढे धरली.

“ही बघ, कुणाची तरी आपल्याकडे राहिलीय. नाव आहे बघ वर. लहान मूल असेल त्यांच्या घरात. विचारून परत करून ये.”

शकू वाटीकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिली.

“आणि हे बघ,” चंद्रप्रकाश म्हणाले, “रिकामी नको देऊस.”